समुद्राखालचं जग दाखवणारा माणूस : जॅक कुस्तो



आपल्या मंडणगड तालुक्याला बाणकोटची खाडी आणि वेळासचा किनारा लाभला आहे. भरती-ओहोटी, होड्या, जाळी, अंडी घालायला येणारी कासवं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण हा झाला पाण्यावरचा समुद्र. पाण्याखाली काय चाललेलं असतं? आज मालवण-तारकर्लीला पर्यटक हवेच्या टाकीच्या मदतीने पाण्यात उतरतात, मासे आणि प्रवाळ बघून येतात. यालाच स्कुबा डायव्हिंग म्हणतात. ते सोपं करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या जॅक कुस्तो यांची आज ओळख करून घेऊया.

जन्म आणि अपघात

जॅक कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये, बोर्दो शहराजवळच्या एका गावात झाला. लहानपणी प्रकृती नाजूक, पण पोहण्याची भारी आवड. १९३० मध्ये ते नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. त्यांना वैमानिक व्हायचं होतं. पण १९३६ मध्ये मोटारीचा मोठा अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि विमान उडवण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

हातात पुन्हा बळ यावं म्हणून ते भूमध्य समुद्रात रोज पोहू लागले. त्याच काळात नौदलातले मित्र फिलिप ताइये यांनी त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो घालून डोकं पाण्याखाली घातलं आणि त्यांना एक वेगळंच जग दिसलं. आकाशाचा रस्ता बंद झाला, पण समुद्राचा उघडला!

श्वासाचं कोडं

पाहायला मिळालं, पण श्वासाचं काय? दम कोंडून माणूस किती वेळ राहणार? तुम्ही म्हणाल, लांब नळी तोंडात धरायची! पण तसं होत नाही. खोल गेलं की पाणी छातीवर दाब देतं. दर १० मीटरला हा दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो. मग वरची साधी हवा नळीतून आत ओढताच येत नाही. (हा प्रयोग विहिरीत किंवा खाडीत मुळीच करायचा नाही हं.)

१९४३ मध्ये कुस्तो आणि अभियंते एमिल गान्यां यांनी हे कोडं सोडवलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक झडप बनवली होती. तीच त्यांनी सुधारून हवेच्या टाकीला जोडली. माणसाने श्वास ओढला की झडप उघडते आणि आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देते. पहिल्या चाचणीत अडचण आली, त्यांनी दुरुस्ती केली आणि उपकरण यशस्वी झालं. त्याचं नाव अ‍ॅक्वालंग. आता जहाजावरून येणाऱ्या हवेच्या नळीची गरज उरली नाही. माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला.

प्रवाळांचा दिवस आणि रात्र

१९५० मध्ये कुस्तो यांना कॅलिप्सो नावाचं जहाज मिळालं. हे जुनं सुरुंग काढणारं जहाज त्यांनी संशोधनासाठी सज्ज केलं. त्यांच्या पत्नी सिमोनही बहुतेक मोहिमांत जहाजावर असत. या जहाजातून ते तांबड्या समुद्रातल्या प्रवाळांपर्यंत पोहोचले.

प्रवाळ म्हणजे दगड नाही बरं का! अगदी लहान प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं. रात्री हेच प्राणी आपले बारीक स्पर्शक बाहेर काढून पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव पकडतात. दिवसा कोरडा खडक वाटावा ते रात्री फुलल्यासारखं दिसतं. खोल पाण्यात लाल रंग पोहोचत नाही, म्हणून सगळं निळसर वाटतं. दिवा लावला की लाल, केशरी रंग एकदम उजळतात.

१९५६ मध्ये त्यांनी लुई माल यांच्यासोबत समुद्राखालच्या जगावर रंगीत चित्रपट आणला. त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्करही मिळाला.

पाहता पाहता बदललेला माणूस

याच चित्रपटात आज आपल्याला खटकेल असंही काही आहे. माशांची मोजदाद करण्यासाठी त्यांच्या चमूने प्रवाळांजवळ स्फोट घडवला. शार्क मासेही मारले. समुद्र कधी संपणार नाही, असंच तेव्हा बहुतेकांना वाटत होतं.

पण कुस्तो वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहिले. जिथे पूर्वी माशांची गर्दी असायची, तिथे ती कमी झालेली त्यांना दिसली. मग ते समुद्राचे राखणदार झाले. १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या बेताला त्यांनी विरोध केला. १९६८ पासून दूरदर्शन मालिकेतून घरोघरी समुद्र पोहोचवला. १९७३ मध्ये संस्था काढली. १९७९ मध्ये त्यांचा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. हे दुःख पचवूनही त्यांनी काम थांबवलं नाही. अंटार्क्टिकात खाणी होऊ नयेत म्हणून त्यांनी मोहीम चालवली आणि १९९१ मध्ये तसा आंतरराष्ट्रीय करार झाला. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी काय?

मित्रांनो, प्रवाळ आपल्याकडेही आहेत. मालवणजवळ आहेत, आणि विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, तिथेही आहेत. त्याला नाव मिळालं आहे ते कान्होजी आंग्रे यांच्यावरून. पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात. त्यांच्यावर पाय देणं, नांगर टाकणं, तुकडे तोडणं हेही घातक आहे. खडकाळ प्रवाळांना आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून कधी मालवणला गेलात, पाण्यात उतरलात, तर डोळे भरून बघा, हात मात्र लावू नका. जे डोळ्यांनी नीट पाहिलं, त्याची काळजी आपोआप वाटू लागते. कुस्तो यांचं आयुष्य आपल्याला हेच शिकवतं.

सांगा पाहू : लांब नळीने खोल पाण्यात श्वास का घेता येत नाही? तुमच्या शब्दांत वहीत लिहा.