अहमदजान थिरकवा

उस्ताद अहमदजान थिरकवा (जन्म : सुमारे १८९२, मुरादाबाद, मृत्यू : १३ जानेवारी १९७६, लखनौ) हे हिंदुस्थानी संगीतातील श्रेष्ठ तबलावादक होते. एकलवादनातील त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांची ओळख प्रथम झाली ती बालगंधर्वांच्या गायनाला मिळालेल्या त्यांच्या साथीमुळे.

शिक्षण

अहमदजान यांचा जन्म संगीतोपजीवी कुटुंबात झाला. मुंबईत वास्तव्य असलेले उस्ताद मुनीरखाँ हे त्यांचे प्रमुख गुरू होत. तबल्यावर लीलया फिरणाऱ्या बोटांमुळे त्यांना 'थिरकवा' हे नाव मिळाले आणि पुढे तेच रूढ झाले.

गंधर्व नाटक मंडळी

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत थिरकवा यांनी अनेक वर्षे तबल्याची साथ केली. नाट्यपदात शब्दाला महत्त्व असते. बालगंधर्व एखादा शब्द लांबवीत, आळवीत आणि नेमके समेवर येत. अशा वेळी ठेका डळमळला, तर गायकाचा आधार सुटतो. तबलजीने बोलांची गर्दी केली, तर पदाचा अर्थ झाकला जातो. एकलवादनाची एवढी विद्या हाती असतानाही थिरकवा साथीला बसले की साधा, भरीव ठेका धरीत आणि गायकाने जागा सोडल्यावरच मोजके बोल वाजवीत.

लय आणि ठेका

दोन मात्रांमधील अंतर समान राखणे ही लयीची पहिली अट होय. परंतु तेवढ्याने ठेका रंगत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रांत खालीच्या भागात डग्गा थांबतो आणि पुन्हा भरीवर येतो. या हलक्या-जड आघातांचा तोल, डग्ग्याची आस आणि प्रत्येक अक्षराचे वजन यांमुळे ठेक्याला झोल येतो व श्रोत्याची मान आपोआप डोलू लागते. थिरकवा यांच्या वादनात हा गुण प्रकर्षाने आढळतो. पेशकार, कायदा, रेला, गत अशा क्रमाने वादन वाढत असतानाही त्यांच्या लयीत घाई जाणवत नाही. दिल्ली, अजराडा, लखनौ व फरुखाबाद या घराण्यांच्या रचना ते त्या त्या घराण्याच्या निकासासह वाजवीत.

उत्तरायुष्य

नाटक मंडळी सोडल्यानंतर ते रामपूर दरबारी होते. पुढे लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. निखिल घोष, लालजी गोखले, नारायणराव जोशी आणि सुरेश ऊर्फ भाई गायतोंडे हे त्यांचे उल्लेखनीय शिष्य होत. यांतील अनेकांमुळे त्यांची विद्या पुणे-मुंबईकडे टिकून राहिली.

त्यांना १९५४ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. एकलवादनाला स्वतंत्र मैफलीची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या वादकांत त्यांची गणना होते. तरीही संयमाने धरलेला ठेका हीदेखील वादकाची मोठी कसोटी आहे, हे त्यांच्या कारकिर्दीवरून दिसून येते.