खरखरीचे कारण शोधणारा ह्यूज

उपासनामंदिरातील बिनतारी मायक्रोफोन खरखरू लागला म्हणजे आपण चिडतो. डेव्हिड ह्यूज (निधन १९००) यांनी कारण शोधिले. १८७८ साली लंडन येथे मायक्रोफोन जगापुढे मांडणाऱ्या या गृहस्थास पुढील वर्षी आपल्या एका यंत्रात नको ती खरखर ऐकू आली. पाहतात तो तारेचा एक जोड सैल! तोच दूरच्या ठिणगीची खूण तारेवाचून ग्रहण करीत होता. कानाशी टेलिफोन धरून रस्त्याने चालत त्यांनी ती सुमारे ५०० यार्डांपर्यंत ऐकिली. १८८० साली विद्वानांनी त्यांचा अर्थ नाकारिला. १८८८ साली हर्ट्झ यांनी त्या लहरी सिद्ध केल्या. ह्यूज यांनी त्यांचा मान त्यांस दिला. प्रिय सेवकहो, शुभवर्तमान सर्वांच्या कानी पडावे म्हणून प्रथम बॅटरी व सैल जोड यांकडे धीराने पाहावे.