थेऊरचे दुखणे

माणसाला होऊ शकणारी सर्वांत मोठी शारीरिक वेदना कोणती? आमच्या उरणात हा प्रश्न दहा जणांना विचारला, तर दहा उत्तरे मिळतील. करंजाचा खलाशी पाकटाच्या शेपटीचा काटा सांगेल. तो पायात शिरला की धडधाकट गडीदेखील होडीत गडाबडा लोळतो. मग सोसेल तितक्या कढत पाण्यात पाय बुडवून बसणे एवढाच तातडीचा उपाय. ज्याने मिठागरात काम केले आहे तो तळव्याच्या भेगांत उतरणारे मीठ सांगेल. कोणी मुतखडा म्हणेल, कोणी दाढ म्हणेल. चार बाळंतपणे झालेली बाई मात्र काही न बोलता नुसती हसेल.

वैद्यकशास्त्राकडेही याचे पक्के उत्तर नाही. ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे. वेदना मोजायची झाली तर डॉक्टर रोग्यालाच शून्य ते दहामधला एखादा आकडा सांगायला लावतात. म्हणजे वेदनेच्या खटल्यात साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे भोगणारा. त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही, एवढेच आपल्या हातात उरते.

तेव्हा सर्वांत मोठी वेदना कोणती हा वाद मी इथे सोडवू शकत नाही. मी फक्त एका माणसाच्या वेदनेची हकिगत सांगणार आहे. ती आपल्या इतिहासाला चांगली ठाऊक आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या उरणपर्यंत येऊन पोचतो. तो माणूस म्हणजे थोरले माधवराव पेशवे.

आपल्यापैकी बहुतेकांना माधवराव भेटतात ते रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीतून. परंतु कादंबरी बाजूला ठेवून नुसत्या तारखा पाहिल्या, तरी मन थक्क होते. माधवरावांचा जन्म १७४५ सालचा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्यात थोरले बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्याने खचलेले वडील नानासाहेब त्याच वर्षी जून महिन्यात वारले. घरोघर सुतक, तिजोरीवर कर्जाचा डोंगर, चहूबाजूंना टपलेले शत्रू, अशा अवस्थेत पेशवाईची वस्त्रे अंगावर आली तेव्हा माधवरावांचे वय होते सोळा. आपल्याकडे या वयाचा मुलगा अकरावीच्या प्रवेशासाठी रांगेत उभा असतो!

पहिला शत्रू तर घरातच होता. चुलते रघुनाथराव यांना कारभार हवा होता. १७६२ मध्ये आळेगाव येथे चुलत्यापुतण्यांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या आणि माधवरावांनी राज्य फुटू नये म्हणून चुलत्यांपुढे माघार घेतली. पुढच्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. त्याची भरपाई १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत झाली. तेथे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्यानंतर हैदर अलीवर स्वाऱ्या झाल्या. १७६८ मध्ये धोडप येथे रघुनाथरावांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. उत्तरेत पानिपतावर गेलेली पत परत मिळवण्यासाठी फौजा रवाना झाल्या, आणि १७७२ च्या आरंभी मराठ्यांच्या पाठबळावर शहाआलम बादशहा पुन्हा दिल्लीत प्रवेश करता झाला. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश याच काळातला. तरुण पेशवा जपजाप्यात फार वेळ घालवू लागला तेव्हा रामशास्त्र्यांनी त्याला राज्यकर्त्याच्या धर्माची आठवण करून दिली आणि पेशव्याने ती मानली, ही गोष्ट तर शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे.

हा सारा अकरा वर्षांचा कारभार. त्यातली शेवटची वर्षे आजाराने खाल्ली.

त्या काळी या रोगाला राजयक्ष्मा म्हणत. माधवरावांना झालेला क्षय आतड्याचा होता असे सामान्यतः मानले जाते. १७७० मध्ये ते हैदरवरच्या स्वारीला निघाले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्यांना माघारी फिरावे लागले, आणि ती मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्यावर सोपवावी लागली. घोड्यावर मांड ठोकून वाढलेल्या माणसाला फौज पुढे जाताना आपण पालखीतून मागे यायचे, हे केवढे जड गेले असेल! पुढे कधी बरे, कधी वाईट असे चालले. अखेर त्यांनी थेऊर जवळ केले. मुळामुठेच्या काठचे चिंतामणीचे हे स्थान त्यांच्या श्रद्धेचे होते.

आतड्याचा क्षय माणसाला काय करतो हे थोडे समजून घेतले पाहिजे. नाहीतर वेदना हा शब्द नुसता शब्दच राहील. क्षयाचे जंतू बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, ठाण मांडतात. तेथे व्रण पडतात. व्रण भरताना आतड्याची भिंत जाड होते, आकसते आणि वाट अरुंद होत जाते. अन्न त्या अरुंद वाटेशी येऊन अडते. ते पुढे ढकलण्यासाठी वरचे आतडे जिवाच्या आकांताने आवळू लागते, आणि पोटात पिळा पडतो. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. वेदना जेवणानंतर येते म्हणून रोगी जेवायला भितो. जेवत नाही म्हणून वाळत जातो. संध्याकाळी ताप, रात्री घाम. तलवारीचा घाव एकदाच बसतो. हा घाव रोज जेवणाच्या ताटातून येतो.

आणि १७७२ मध्ये यावर काय होते? औषधी काढे होते, पथ्य होते, अनुष्ठाने होती. कळ बोथट करणारा प्रभावी पदार्थ म्हणजे अफू. अफूपासून मॉर्फिन वेगळे काढले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. ईथर देऊन शस्त्रक्रिया करता येते हे बोस्टनमध्ये लोकांसमोर सिद्ध झाले १८४६ मध्ये. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडला २४ मार्च १८८२ रोजी, आणि त्या जंतूला मारणारे पहिले खात्रीचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ साली. ज्याच्या एका शब्दावर हजारोंची फौज हलत होती, त्याच्यासाठी आजची एक साधी गोळीसुद्धा पृथ्वीवर कोठे नव्हती.

अशा अवस्थेतही राज्याचा कारभार त्या अंथरुणाशी येतच राहिला. अखेरच्या काही आठवड्यांत माधवरावांनी आपल्या मागे काय करायचे याची नऊ कलमांची यादी करवून घेतली. तीत राज्यावरचे कर्ज फेडण्याचे कलम होते. धाकटे बंधू नारायणराव यांना त्यांनी चुलत्यांच्या हाती सोपवले. ज्या रघुनाथरावांना कैदेत ठेवले होते त्यांच्याशीच समेट केला. पोटात पिळा पडत असताना माणसाला आपल्या शरीरापलीकडचे काहीएक सुचत नाही, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगायला नको. दोन कळांच्या मधल्या वेळात त्यांनी दुसऱ्यांचे देणे आठवावे, याला मी त्यांच्या सर्व लढायांपेक्षा मोठे मानतो.

आता उरणच्या धाग्याकडे येतो. आपले हे उरण, जुन्या कागदांतले करंजा बेट, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या सुमारास पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. माधवरावांच्या कारकिर्दीत द्रोणागिरीवर मराठ्यांचीच सत्ता होती. समोर मुंबईत इंग्रज बसले होते, आणि त्यांचा डोळा साष्टी, वसई व आसपासच्या या बेटांवर होता. १७६७ मध्ये त्यांनी टॉमस मॉस्टिन याला वकील म्हणून पुण्यास पाठवले. माधवरावांनी त्याच्या पदरात यातले काही पडू दिले नाही. तोच मॉस्टिन १७७२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा पुण्यात येऊन दाखल झाला. त्या वेळी पेशवा थेऊरला शेवटच्या दुखण्यात होता.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले. वय सत्तावीस. पुढचे सारे नऊ-दहा वर्षांत घडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पाठोपाठ करंजाही त्यांच्या हाती गेले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी व करंजा कायमची त्यांच्याकडे राहिली. मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहून समोर घारापुरी पाहताना मला नेहमी वाटते, की या खाडीचा मालक बदलला तो फक्त तोफांनी नव्हे. थेऊरच्या एका खोलीतल्या दुखण्याचाही त्यात वाटा होता.

पण थेऊरची हकिगत एवढ्यावर संपवली तर ती अर्धीच राहील. त्या दिवशी तेथे मृत्यू एकाचा झाला नाही. माधवरावांच्या पत्नी रमाबाई पतीच्या चितेवर सती गेल्या. नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे. लोक तेथे हात जोडतात. पेशव्याच्या आजाराची बातमी पुण्याला जात होती, सरदारांना जात होती, इंग्रजांच्या वकिलालाही त्यात रस होता. मात्र अग्नीने जिवंत शरीराला काय होते याची वास्तपुस्त त्या दिवशी कोणी केली नाही, कारण ते सारे पुण्य या एका शब्दात झाकून गेले होते. भाजण्याच्या वेदनेला आज डॉक्टर अतितीव्र वेदनांमध्ये धरतात. सर्वांत मोठी वेदना कोणती, या प्रश्नाचे उत्तर थेऊरला शोधायचेच असेल, तर ते कदाचित अंथरुणावर नसून नदीकाठी असेल. ती चाल कायद्याने बंद व्हायला १८२९ साल उजाडावे लागले.

यावरून मला एक गोष्ट दिसते. वेदना सोसणाराच्या शरीरात असली तरी तिचे पुढे काय होते हे भोवतालची माणसे ठरवतात. पेशव्याची वेदना सर्वांनी मानली. तिला औषध नव्हते. रमाबाईंची वेदना कोणी वेदना म्हणून पाहिलीच नाही. आणि तिसराही एक प्रकार आहे. तो मी आमच्या घरात पाहिला.

माझी मावशी आमच्याकडेच राहते. पूर्वी ती मिठागरात कामाला जात असे. मागे एकदा तिचे पोट दुखू लागले, नेमके उजव्या बाजूला खाली, आणि नेमके जेवणानंतर तास-दोन तासांनी. एका दवाखान्यात वायू झाला म्हणून गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी काळजी करू नका असे सांगितले गेले. शेजारच्या आजीने दृष्ट काढली. मावशी अर्धी भाकरी खाऊ लागली, मग चतकोर. कामाला कंटाळली म्हणून सोंग करते, असेही कोणी पाठीमागे बोलले. असे आठ महिने गेले. शेवटी आईने हट्ट धरला, मोऱ्याहून लाँचने तिला मुंबईला नेले. सरकारी रुग्णालयात दुर्बिणीने तपासून आतड्याचा तुकडा काढला आणि रोगाचे नाव कळले. पेशव्याचाच रोग! औषध फुकट मिळाले. पहिल्या दोन महिन्यांतच ती पोटभर जेवू लागली आणि सहा महिन्यांत गोळ्या संपल्या.

पेशव्याजवळ विश्वास ठेवणारी माणसे होती, गोळी नव्हती. मावशीसाठी गोळी आठ महिने तयार होती. अडले होते ते कोणीतरी विश्वास ठेवण्यापाशी. दोघांचा रोग एक, मधे अडीचशे वर्षे, तरी शेवटी प्रश्न उरतो तो माणसाने माणसाचे ऐकून घेण्याचा.

थेऊर अष्टविनायकांपैकी एक. आपल्या सहली तेथे जातात. चिंतामणीच्या देवळाचा लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधलेला म्हणून दाखवतात. पुढच्या वेळी गेलात तर मंडपात थोडे थांबा, नदीकाठच्या वृंदावनापर्यंतही चालत जा. मग घरी परतल्यावर स्वयंपाकघरात कोणी पोटाला हात लावून ओट्याला टेकून उभे असेल, तर कोठे दुखते आणि केव्हापासून, एवढे जरूर विचारा.