कर्जात बुडालेल्या रेम्ब्रांटला पोरानेच नोकरीवर ठेवलं होतं

रेम्ब्रांट आणि सास्कियाची पहिली तिन्ही लेकरं तान्हेपणीच गेली. १६४१ ला झालेला टायटस तेवढा जगला, पण वर्षभरात सास्किया वारली.

तेव्हा श्रीमंत डच लोक पोरांना भारी कपडे घालून त्यांची चित्रं काढून घ्यायचे. रेम्ब्रांटने १६५५ मध्ये टायटस रंगवला तो डेस्कवर, हातात लेखणी, लिहायचं सोडून तंद्री लागलेला. अगदी गृहपाठ टाळणारं पोरगं!

पुढच्याच वर्षी रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. मग टायटस आणि रेम्ब्रांटची जोडीदार हेंड्रिक्ये यांनी १६६० मध्ये चित्रविक्रीची कंपनी काढून त्याला कागदोपत्री नोकर केलं. आता देणेकऱ्यांना नवी चित्रं उचलता येईनात.

१६६८ मध्ये टायटस गेला, वय अवघं २६. त्याची मुलगी त्यानंतर जन्मली. १६६९ च्या ऑक्टोबरमध्ये रेम्ब्रांटही गेला.