विश्लेषण : गेममधला ‘ब्लॅकबिअर्ड’ आणि खरा ब्लॅकबिअर्ड… चाच्यांच्या ओपन वर्ल्ड गेम्समध्ये काय आले, काय गळाले?

समुद्री चाच्यांवरचा कुठलाही ओपन वर्ल्ड गेम उघडला, की सुरुवात साधारण सारखीच असते. हाताशी एक लहानसे जहाज, मोजके खलाशी आणि समोर मोकळा समुद्र. लढाई करा, लूट मिळवा, तोफा वाढवा, आणखी मोठे जहाज घ्या. या साच्यामागे ज्या माणसाची प्रतिमा सर्वाधिक वापरली गेली, तो म्हणजे ‘ब्लॅकबिअर्ड’ ऊर्फ एडवर्ड टीच. गंमत अशी, की खऱ्या ब्लॅकबिअर्डचा हिशेब बरोबर उलटा होता. तो लढाई टाळून लुटायचा आणि सर्वांत मोठे जहाज हाती आल्यावर काही महिन्यांतच ते घालवून तो पुन्हा लहान जहाजावर आला.

कोण होता ब्लॅकबिअर्ड?

त्याच्या जन्माची नोंद सापडत नाही. तो १६८०च्या सुमारास, बहुधा इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जन्मला असावा असे मानले जाते. आडनावही एक नाही. कागदपत्रांत कुठे टीच, तर कुठे थॅच आहे. (‘असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ या गेमने ‘थॅच’ हे रूप घेतले आहे.) अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन, फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध सुरू होते. तेव्हा शत्रूची व्यापारी जहाजे लुटण्याचा सरकारी परवाना खासगी जहाजांना मिळत असे. टीचनेही जमैकाहून अशा जहाजांवर काम केल्याचे सांगितले जाते. १७१३ मध्ये युद्ध संपले, परवाने संपले आणि लढण्याखेरीज दुसरे काही न शिकलेले हजारो खलाशी बेकार झाले. त्यातले बरेच बहामा बेटांवरील नासाऊ बंदरात जमले. तिथे बेंजामिन हॉर्निगोल्ड या चाच्याच्या हाताखाली टीचचे नाव १७१६च्या सुमारास दिसू लागते. पुढची त्याची सगळी कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची आहे.

त्याचे गाजलेले जहाज कुठून आले?

गेमच्या चाहत्यांना ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ हे नाव पाठ असते. ते मुळात युद्धनौका नव्हते. ‘ला कॉन्कॉर्ड’ नावाचे ते फ्रेंच गुलामवाहू जहाज होते. मार्च १७१७ मध्ये ते फ्रान्समधील नान्त बंदरातून निघाले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यात ५१६ आफ्रिकी माणसे कोंबली गेली. अटलांटिक ओलांडताना त्यातील ६१ जण आणि १६ खलाशी मरण पावले. उरलेल्या खलाशांपैकी ३६ जण स्कर्व्ही आणि रक्ती हगवणीने अंथरुणाला खिळलेले. तोफा चालवायलाच माणसे नव्हती. २८ नोव्हेंबर १७१७ रोजी कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट बेटाजवळ टीच दोन लहान जहाजे आणि सुमारे दीडशे माणसे घेऊन आडवा आला, तेव्हा या जहाजाने फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली.

पुढे जे घडले, ते कुठल्याही गेमच्या मिशनमध्ये दिसत नाही. टीचने जहाज बेक्विया या छोट्या बेटाकडे नेले आणि फ्रेंच खलाशांसह बहुतेक आफ्रिकी बंदिवानांना तिथे उतरवले. जहाजावरचे तीन शल्यवैद्य, सुतार, स्वयंपाकी यांना मात्र जबरदस्तीने ठेवून घेतले. फ्रेंचांना बदल्यात एक लहान जहाज दिले. त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘मोवेज रांकोंत्र’, म्हणजे अशुभ गाठभेट. त्याच जहाजाने दोन खेपा करून आफ्रिकी माणसांना मार्टिनिकला नेण्यात आले. त्यांना तिथल्या बाजारातच जायचे होते. चाच्यांनी जहाज लुटले, पण त्यातल्या माणसांची सुटका झाली नाही. टीचच्या ताफ्यात काळे खलाशीही होते, म्हणून चाचेगिरीला समतेचे राज्य ठरवण्याचा मोह काहींना होतो. बेक्वियाच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या शेकडो लोकांपुढे तो दावा टिकत नाही.

गेम्सनी या विषयाला हातच लावला नाही असे नाही. ‘ब्लॅक फ्लॅग’चा विस्तार म्हणून आलेल्या ‘फ्रीडम क्राय’मध्ये अडेवाले हा गुलामगिरीतून सुटलेला नायक गुलामवाहू जहाजांवर हल्ले करून लोकांना मुक्त करतो. पण तो वेगळा भाग आहे आणि त्याचा काळ १७३५चा, म्हणजे टीचच्या मृत्यूनंतरचा. मुख्य गेममधील ब्लॅकबिअर्डच्या वाट्याला हा कलंक फारसा येत नाही.

लढाई न करता लूट कशी मिळे?

१७१७च्या अखेरीस टीचच्या ताब्यात सापडलेल्या हेन्री बोस्टॉक नावाच्या कप्तानाने नंतर दिलेल्या जबानीत उंच, सडपातळ आणि खूप लांब काळी दाढी राखलेल्या माणसाचे वर्णन आहे. टोपीखाली जळत्या वाती खोचून, धुराच्या लोटात उभा राहणारा राक्षस त्यात नाही. ते चित्र टीचच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १७२४ मध्ये, कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या बहुधा टोपणनावाने लंडनमध्ये निघालेल्या चाच्यांच्या इतिहासातून आले. त्याला चौदा बायका होत्या ही कथाही तिथलीच.

ती दहशत सगळीच बनावट होती असे नव्हे. मोठे जहाज, ४० तोफा, शेकडो माणसे आणि काळा झेंडा एवढे पाहून व्यापारी जहाजे शिडे उतरवत. हाच धंद्याचा गाभा होता. लढाई झाली तर माल बुडतो, जहाज फुटते, आपली माणसे मरतात. शेवटच्या लढाईपूर्वी टीचने कोणाला ठार मारल्याचा भरवशाचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही.

गेमची अडचण इथेच आहे. समोरचा न लढता शरण आला, तर खेळणाऱ्याने करायचे काय? ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये (२०१३) प्रत्येक जहाज आधी तोफांनी निकामी करायचे, मग दोर टाकून त्यावर चढायचे आणि तलवार चालवायची. ते करताना मजा येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच नौकायुद्धाच्या कल्पनेतून वाढलेल्या ‘स्कल अँड बोन्स’ने (२०२४) घटनास्थळ हिंदी महासागरात आणले. मात्र शत्रूच्या जहाजावर स्वतः चढून लढण्याची सोय काढून टाकली. ते काम एका छोट्या चित्रफितीत उरकते. त्यामुळे तोफा आणि अपग्रेड एवढेच उरते. त्यामानाने जुना ‘सिड मायर्स पायरेट्स!’ (१९८७, नवी आवृत्ती २००४) वास्तवाच्या अधिक जवळ आहे. त्यात आपले बळ फारच जास्त असेल, तर समोरचे जहाज झेंडा उतरवून मोकळे होते. अर्थात, त्यातही १६८८ मध्ये वारलेला हेन्री मॉर्गन आणि ब्लॅकबिअर्ड एकाच समुद्रात, नामांकित दहा चाच्यांच्या एकाच यादीत आहेत!

चार्ल्स टाउनच्या नाकेबंदीत त्याने काय मागितले?

मे १७१८ मध्ये टीचने अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाच्या चार्ल्स टाउन (आजचे चार्ल्स्टन) बंदराचे तोंड अडवले. सुमारे आठवडाभरात आठ-नऊ जहाजे पकडली. ओलिसांत वसाहतीच्या मंडळाचे सदस्य सॅम्युअल रॅग आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगाही होता. एवढे शहर मुठीत आल्यावर मागणी काय, तर औषधांची पेटी. तिची किंमत ४०० पौंडांपेक्षाही कमी होती. पेटी मिळाल्यावर ओलिसांना सोडले. त्यांच्याकडचे दागिने आणि अंगावरचे चांगले कपडे मात्र काढून घेतले.

जहाजावर तीन शल्यवैद्य होते, पण औषधे नव्हती. बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत पुढे कथिलाची एक पिचकारी सापडली, तिच्यात पाऱ्याचे अंश होते. पारा हा त्या काळी गुप्तरोगावरचा प्रचलित उपचार. चाच्यांना नेमके कशासाठी औषध हवे होते, याचा एक तर्क त्यावरून केला जातो. ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये हा प्रसंग आहे. नायक एडवर्ड केनवे औषधांसाठी चार्ल्स टाउनच्या दलदलीतून चोरपावलांनी जातो. आजारपण हा चाच्यांचा खरा शत्रू होता, हे त्या मिशनमध्ये थोडे तरी जाणवते. मात्र केनवेचे स्वतःचे खलाशी कधी स्कर्व्हीने मरत नाहीत.

मोठे जहाज त्याने का घालवले?

जून १७१८ मध्ये उत्तर कॅरोलायनातील ब्यूफर्टजवळच्या खाडीच्या तोंडाशी ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ वाळूत रुतले. तो अपघात होता की टीचने मुद्दाम केले, यावर आजही वाद आहे. मुद्दाम केले म्हणणाऱ्यांचा मुद्दा त्याच्या पुढच्या वागण्यावर उभा आहे. त्याने निवडक माणसे आणि बरीचशी लूट लहान जहाजावर चढवली, पंचवीसेक साथीदारांना एका ओसाड किनाऱ्यावर सोडले आणि तो पसार झाला. त्याचा भागीदार स्टीड बॉनेट हा बार्बाडोसचा श्रीमंत मळेवाला होता. स्वतःच्या पैशाने जहाज घेऊन, खलाशांना पगार देऊन चाचा झालेला हौशी माणूस. त्याचीही टीचने फसवणूक केली. वाटेकरी कमी झाले, की वाटा वाढतो.

गेममध्ये जहाज लहान होणे ही शिक्षा असते. केनवेचे ‘जॅकडॉ’ लाकूड, धातू आणि कापड जमवून मजबूत करायचे, ते नकाशाच्या चार कोपऱ्यांतल्या महाकाय जहाजांना हरवण्यासाठी. प्रत्यक्षात कॅरोलायनाच्या उथळ खाड्यांत ४० तोफांचे धूड म्हणजे लोढणेच. ‘पायरेट्स!’मध्ये हलके, वाऱ्याविरुद्ध चपळ चालणारे ‘स्लूप’ शेवटपर्यंत उपयोगी ठरते. इथेही त्या जुन्या गेमने बाजी मारली आहे.

माफीनंतर काय झाले?

ब्रिटनचा राजा पहिला जॉर्ज याने १७१७ मध्येच शरण येणाऱ्या चाच्यांना माफी जाहीर केली होती. टीच उत्तर कॅरोलायनातील बाथ या छोट्या गावी गेला, गव्हर्नर चार्ल्स ईडन यांच्याकडून माफी घेतली आणि तिथेच राहू लागला. ऑगस्टमध्ये त्याने समुद्रात दोन फ्रेंच जहाजे पकडली. एक खलाशांसह सोडले, साखर आणि कोकोने भरलेले दुसरे सोबत आणले आणि ते बेवारस सापडल्याची नोंद करून घेतली. त्यातली साखरेची ६० पिंपे गव्हर्नरकडे आणि २० पिंपे जकातीचे काम पाहणाऱ्या टोबायस नाइटकडे पोहोचली.

लूट मिळवण्यापेक्षा ती पचवणे अवघड, हे ‘सी ऑफ थीव्ज’ (२०१८) खेळणाऱ्यांना लगेच पटेल. त्यात पेटी बंदरावर विकली जाईपर्यंत आपली नसते. अखेरच्या क्षणी दुसरा कोणी ती पळवतो. शिवाय कितीही कमावले तरी जहाज किंवा तलवार अधिक ताकदवान होत नाही, फक्त रंगरूप बदलते. ‘पायरेट्स!’मध्ये गव्हर्नरांची मर्जी, माफी, खलाशांत लुटीची वाटणी, वाढते वय हे सगळे आहे. पण गव्हर्नरलाच वाटा देण्याची वेळ तिथेही येत नाही.

शेवट कसा झाला?

शेजारच्या व्हर्जिनियाचे गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवूड यांना हा प्रकार खपला नाही. उत्तर कॅरोलायनात कारवाईचा अधिकार नसतानाही त्यांनी नौदलाचे लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्ड यांना पाठवले. नौदलाची मोठी जहाजे उथळ पाण्यात शिरणार नव्हती, म्हणून दोन लहान स्लूप घेतले. त्यांवर एकही तोफ नव्हती. २२ नोव्हेंबर १७१८च्या सकाळी ओक्राकोक बेटाजवळ गाठ पडली. टीचसोबत विसेकच माणसे होती. तरी त्याच्या तोफांच्या एका सरबत्तीने मेनार्डची अनेक माणसे पडली. मेनार्डने उरलेल्यांना डेकखाली लपवले. डेक रिकामा दिसताच टीच साथीदारांसह त्यावर चढला आणि खालचे सैनिक वर आले. न लढता जिंकणारा माणूस शेवटी समोरचे जहाज हरल्याचा अंदाज चुकल्याने मेला. मेनार्डच्या अहवालानुसार त्याच्या अंगावर गोळ्यांच्या पाच आणि तलवारीच्या वीस जखमा होत्या. त्याचे मुंडके कापून जहाजाच्या पुढच्या दांड्याला टांगण्यात आले. पकडलेल्या साथीदारांवर विल्यम्सबर्गमध्ये खटला चालला आणि बहुतेकांना फाशी झाली. ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये केनवे या लढाईत हजर असतो. खेळणारा कितीही निष्णात असो, थॅच वाचत नाही.

जहाज मात्र १९९६ मध्ये ब्यूफर्टजवळ समुद्राच्या तळाशी सापडले. ते ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’च असल्याचे २०११ मध्ये अधिकृतपणे मान्य झाले. तीसच्या आसपास तोफा, शल्यवैद्याची अवजारे, सोन्याची थोडी भुकटी असा ऐवज हाती आला. एका तोफेत चिकटलेल्या गाळात कागदाचे कपटे होते. ते एडवर्ड कुक या दर्यावर्दीच्या १७१२ मध्ये छापलेल्या सागरप्रवासाच्या पुस्तकाचे असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. जहाजावर कोणीतरी ते पुस्तक वाचत असावे. नंतर कधीतरी त्याची पाने फाडून तोफेत कोंबली गेली.