सूर जुळवणारे वसंतराव देसाई

कंडक्टर म्हटले की आपल्याला ठाण्याच्या नाहीतर कल्याणच्या बसमधला तिकीट देणारा माणूस आठवतो. पण वाद्यवृंदातही एक कंडक्टर असतो. तो त्या वेळी स्वतः काहीच वाजवत नाही. समोर पन्नास वादक बसलेले असतात. कुणी केव्हा सुरुवात करायची, कुणी हळू व्हायचे, कुणी थांबायचे, हे तो हाताच्या खुणेने सांगतो. परदेशात त्याला फार मान. आपल्या चित्रपटांत हे काम संगीत दिग्दर्शकाच्या किंवा त्याच्या साहाय्यकाच्या अंगावर पडत आले. अशा माणसांपैकी मला सर्वांत जवळचे वाटतात ते वसंतराव देसाई. मी सातवीपर्यंत शिकलेली, रागदारी मला कळत नाही. पण वीस बायकांना एका सुरात गायला लावणे म्हणजे काय असते, ते आपल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी पाहिले आहे.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ चा, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. तो मुलूख तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता. कोल्हापूरला १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि हा कोकणातला मुलगा तिथे जाऊन पोहोचला. १९३० च्या 'खुनी खंजर' या मूकपटात त्यांनी काम केले, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात गायले. त्या काळच्या बोलपटांत नटनटी चित्रण चालू असतानाच गात आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे आडोशाला बसत. एकाचा सूर चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून! अशा ठिकाणी गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, केशवराव भोळे यांच्या हाताखाली वसंतराव शिकले. दुसऱ्याच्या मागे उभे राहून दहा-बारा वर्षे काढायची, हे सोपे नव्हे. आजकालच्या मुलांना दहा महिने दम निघत नाही.

व्ही. शांतारामांनी प्रभात सोडून १९४२ साली मुंबईत परळला राजकमल कलामंदिर काढले. वसंतराव त्यांच्याबरोबर गेले, आणि १९४३ च्या 'शकुंतला' चित्रपटाने त्यांचे नाव झाले. मग सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवरचा चित्रपट १९४६ साली आला, १९५१ साली शाहीर होनाजी बाळांवरचा 'अमर भूपाळी'. त्यातली लताबाईंच्या आवाजातली भूपाळी अजून कित्येक घरांत पहाटे लावतात. आमच्या सासूबाई ती लागल्याशिवाय चहाचे आधण ठेवत नसत.

'झनक झनक पायल बाजे' हा १९५५ चा. नाचाचा चित्रपट, तेव्हा तालाला मरण नाही. वसंतरावांनी त्यासाठी उस्ताद अमीर खाँसाहेबांना गायला आणले, बनारसच्या सामताप्रसादजींचा तबला घेतला आणि काश्मीरचे संतूरही वाजवून घेतले. ते वाजवणारे शिवकुमार शर्मा तेव्हा अगदी तरुण होते. पुढे १९५९ साली 'गूँज उठी शहनाई'साठी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आली. एवढे मोठे कलावंत एका ठिकाणी बसवायचे, कुणाचा मान दुखवायचा नाही आणि गाणे मात्र आपल्याला हवे तसेच करून घ्यायचे. मला वाटते, चाल सुचण्याइतकेच हे कठीण असावे. लग्नघरी चार जावांकडून एक पंगत उठवून घेणाऱ्या बाईला ते लगेच पटेल.

पण माझा जीव आहे तो त्यांच्या साध्या चालींवर. 'श्यामची आई' हा आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. ज्या अत्र्यांच्या नावाच्या रंगमंदिरात आपण कल्याणला नाटके पाहतो, तेच हे. त्यातले द्रौपदीच्या चिंधीचे गाणे वसंतरावांनी बांधले. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये सहा खुनी कैद्यांना एक जेलर माणसांत आणतो. त्या कैद्यांच्या तोंडी शोभेल अशी प्रार्थना हवी होती. कैदी काही गवई नव्हते. वसंतरावांनी चालच अशी केली की कुठल्याही गळ्याला ती पेलावी. १९७१ च्या 'गुड्डी'तली शाळेतली प्रार्थना तशीच. गंमत अशी की त्याच चित्रपटात त्यांनी वाणी जयराम यांच्याकडून मल्हाराचे अवघड गाणे गाऊन घेतले आणि त्या बाईंचे नाव देशभर झाले. म्हणजे सोपे करणे हे त्यांनी जाणूनबुजून केले होते, येत नव्हते म्हणून नव्हे.

चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली आलेल्या 'छोटा जवान'मधले त्यांचे समरगीत मुले रस्त्याने म्हणत चालत. शाळेतल्या मुलांचे समूहगान बसवण्याची त्यांना मोठी हौस होती. १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' नाटकाला त्यांनी संगीत दिले. आणि १९६६ च्या ऑक्टोबरात एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, तेव्हा कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेल्या संस्कृत प्रार्थनेची चाल आपल्या कुडाळकडच्या माणसाची होती!

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात गेले. वय त्रेसष्ट.

माझ्या धाकटीच्या शाळेत यातली एक प्रार्थना रोज होते. चाल कुणाची असे तिला विचारले, तर तिने चित्रपटाचे नाव सांगितले, नंतर लताबाईंचे. वसंतरावांचे नाव तिच्या कानावर कधी पडलेच नव्हते. आपल्या मंडळाच्या गाण्याच्या वहीत दोन्ही प्रार्थना आहेत, खाली भरत व्यास आणि गुलजार ही कवींची नावेही आहेत. त्यांच्या शेजारी, चाल वसंत देसाई, असे मी गेल्या गुरुवारी शाईने लिहून घेतले.