जेम्स नाइस्मिथ

डॉ. जेम्स नाइस्मिथ (६ नोव्हेंबर, १८६१ – २८ नोव्हेंबर, १९३९) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञ आणि बास्केटबॉल या खेळाचे जनक होते.

पूर्वायुष्य

नाइस्मिथ यांचा जन्म ओंटारियोतील अल्मॉन्ट येथे झाला. १८७० मध्ये आईवडील विषमज्वराने दगावल्यावर मामांनी त्यांना वाढवले. मॅकगिल विद्यापीठातून पदवी आणि त्यानंतर धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊनही त्यांनी धर्मोपदेशक न होता व्यायामशिक्षणाचा मार्ग धरला.

बास्केटबॉलचा शोध

१८९१ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात कवायतीला कंटाळलेला १८ विद्यार्थ्यांचा वर्ग त्यांच्याकडे आला. बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधण्यासाठी विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांना दोन आठवडे दिले. फुटबॉलसारखे खेळ सभागृहात आणल्यास इजा होत. तेव्हा नाइस्मिथ यांना बालपणीचा दगड नेमाने फेकून खडकावरचा दगड पाडण्याचा खेळ आठवला. त्यात जोरापेक्षा कमानदार फेक उपयोगी पडे. लक्ष्य डोक्याच्या वर आणि आडवे ठेवल्यास धसमुसळेपणा निरुपयोगी ठरेल, असे त्यांनी ताडले.

त्यांनी १८ इंची चौरस पेट्या मागितल्या. त्या न मिळाल्याने पहारेकऱ्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकण्यात आल्या. कठडा १० फूट उंचीवर होता, म्हणून तीच उंची ठरली. डिसेंबर १८९१ मध्ये पहिला सामना झाला आणि १५ जानेवारी, १८९२ रोजी १३ नियम प्रसिद्ध झाले.

साहित्याचे प्रमाणीकरण

टोपल्यांना तळ असल्याने प्रत्येक गोलनंतर वर चढून चेंडू काढावा लागे. पुढे लोखंडी रिंग आणि तळ उघडी असलेली जाळी आली. सज्जातील प्रेक्षक चेंडूला हात लावू लागल्याने टोपलीमागे आधी तारेची जाळी, नंतर लाकडी फळा बसवण्यात आला. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार रिंगची उंची ३.०५ मीटर, आतील व्यास ४५० ते ४५९ मिलिमीटर आणि फळा १.८० × १.०५ मीटर असतो. त्यामुळे ठाणे, डोंबिवलीतील नियमानुसार आखलेल्या मैदानांवरही स्प्रिंगफील्डच्या कठड्याचीच उंची आढळते.

उत्तरायुष्य

१८९८ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन नाइस्मिथ कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. तेथे प्रशिक्षक म्हणून त्यांचे ५५ विजय आणि ६० पराभव नोंदले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. त्या वेळी ते उपस्थित होते. लॉरेन्स, कॅन्सस येथे त्यांचे निधन झाले.